डावीकडची जागा

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुम्ही हवापाण्यावर जाता, म्हणून हे पत्र. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, आणि तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या शिकाऊ मंडळींवर जरा कमी ओरडा.

आमच्या विनाचालक गाडीचं काम संपत आलंय. एकच नियम अडलाय. टक्कर टळतच नसेल, तर गाडीने काय करायचं? मी तुमचाच धडा लिहिला होता : ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वळवायचं नाही. साहेबांना तो पटत नाही. कोण कुठे बसलंय, केवढं आहे, हे गाडीला कळतं. मग मार कोणी खायचा ते तिनेच ठरवून वळावं, असं ते म्हणतात. लहान असेल ते आधी वाचवायचं. नियमावर सही माझी लागणार आहे.

तेव्हापासून आई डोळ्यांपुढून हलत नाही. अपघातात ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, गाडीत मागे झोपले होते, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी काय झालं ते आता सांगा.

रागवा हवं तर, पण माया पातळ करू नका.

तुमची,
ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तेल आहे. ओरडणं कमी होणार नाही. काल एका वकीलबाईंनी वळण घेताना डोळेच मिटले.

तू कधीतरी विचारशील, याची तीस वर्षं धास्ती होती. वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक उभा होता. ब्रेक दाबला, पण गाडी थांबणार नाही हे कळून चुकलं. आरशात तू दिसलीस, माझ्या पाठीमागे, तोंड उघडं टाकून झोपलेली. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. धडक डावीकडे बसली. तिथे तुझी आई होती. सरळ गेलो असतो तर तिघंही वाचलो असतो की कोणीच नाही, देव जाणे.

लोकांना वाटतं, शिकवायचं म्हणून मी डावीकडे बसतो. अगं, स्कूल मी त्यानंतर काढलं. पुन्हा उजवीकडे बसवेना. तिच्या जागेवरून मला रोज तो ट्रक दिसतो.

आणखी एक. शेवटच्या क्षणी तिने माझं मनगट धरलं होतं. ती माझ्याबरोबर ओढत होती की मला अडवत होती, ते आजवर कळलेलं नाही. हात मात्र अजून जाणवतो.

बापाला मनातून उतरवू नकोस.

बाबा

१५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस कामावर गेले नाही. आई तुमच्याबरोबरच ओढत होती, असं लिहून तुमची समजूत काढणार होते. पण मला ते ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

सही केली. गाडी सरळ जाईल, ब्रेक दाबेल, कोण कुठे बसलंय ते बघणार नाही. या नियमाने मी कदाचित आज नसते. हे समजून सही केली. साहेब चिडलेत. तुम्ही निवडलंत आणि तीस वर्षं ते मनगटावर वागवलंत. गाडी निवडेल आणि संध्याकाळी दुसरं भाडं घेईल. ते मला सोसवलं नाही.

रविवारी येते. स्टेशनवर गाडी घेऊन या, वकीलबाईंना न आणता. तुम्ही चालवा. डावीकडे मी बसेन.

जीव आहे तसाच लावा.

तुमची,
ठकी