धुतलेल्या कपड्यांचा वारसदार

मी, खाली सही करणारी, कोपऱ्यावरच्या लाँड्रीची मालकीण, नवऱ्यामागे हा धंदा एकटीने चालवत आलेली आणि गल्लीभर 'काकू' म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचंही दडपण नसताना पुढील व्यवस्था लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. म्हातारीचं डोकं फिरलंय असं माझ्या पुतण्याचं म्हणणं आहे, म्हणून दाखल्याची एक जादा प्रत त्याच्यासाठी काढून ठेवली आहे. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात जवळजवळ सगळं पुतण्यालाच होतं, तेव्हा त्याने हे खाली बसून वाचावं.

कलम १. दुकान, मागची खोली, कपडे धुण्याचं यंत्र आणि दोन्ही इस्त्र्या मी माझ्याकडे काम करणाऱ्या गवंडिणीला देते. ती पुलावर काम करणाऱ्या एका गवंड्याची बायको, म्हणून तिला सगळे गवंडीण म्हणतात. ती माझ्या नात्यागोत्यातली नाही, या गावची नाही. तिची बोली मला आधी कळायची नाही आणि माझी बडबड तिला अजून पुरती कळत नाही, म्हणूनच आमचं पटतं. तिच्यासारखी कॉलरची इस्त्री मलाही जमत नाही. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, डोक्यावर चढून बसली असती.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते पुतण्याला. दर भेटीत तो म्हणायचा, काकू, दुकान विका आणि आराम करा. माझ्या आरामाची एवढी काळजी वाहणाऱ्या मुलाला माझी आरामखुर्चीही देते. तिचा डावा पाय लटपटतो, बेताने बसावं.

कलम ३. जाऊबाईंनी माझं शिलाई मशीन चार दिवसांसाठी म्हणून नेलं, त्याला आता त्यांची नात लग्नाची झाली. ते मशीन मी त्यांनाच देऊन टाकते. परत मागून मागून माझी जीभ झिजली, त्यांचा चेहरा काही उतरला नाही. निदान मेल्यावर तरी माझा हात वर राहू दे.

कलम ४. आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सांगते. दुकानातल्या मोठ्या फडताळात धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले कपडे आहेत. ते पूल बांधायला परप्रांतातून आलेल्या कामगारांचे आहेत. एरवी ती माणसं नळावरच कपडे धुवायची, लाँड्रीचे लाड त्यांना कुठले. पण पुलाचं उद्घाटन ठरलं आणि आमच्या नगराध्यक्षांनी सभेत जाहीर केलं की पूल ज्यांनी बांधला तेच खरे मानकरी, सगळ्यांनी यायचं. झालं, पुलाखालच्या वस्तीतल्या प्रत्येकाने ठेवणीतला एकेक कपडा काढून माझ्याकडे आणून टाकला. एकजण तर मला बजावून गेला की पँटची घडी अशी पाहिजे की तिच्यावर माशी बसली तर कापली जाईल.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी गवंडीण नवऱ्याचा शर्ट न्यायला दुकानात आली होती. परत गेली तर वस्ती रिकामी. बाहेरचे मोठे पाहुणे येणार, त्यांना पुलाखालच्या झोपड्या दिसायला नकोत, म्हणून सगळ्यांना ट्रकांत भरून हद्दीबाहेर नेलं होतं. हद्दीवर त्यांना पुढे कोणी सोडेना आणि मागे कोणी घेईना. दिवसभर ट्रक उन्हात उभे राहिले, आणि गवंडी ट्रकातच मेला. त्याच्यासोबतच्या रंगाऱ्याने फोन करून हे कळवलं. त्यानंतर गवंडीण माझ्याकडेच राहिली. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती इतकी तंतोतंत पाळणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

नगरपालिकेचा कागद म्हणतो की ट्रक नव्हतेच. कामगार काम संपल्यावर हसतखेळत, आपल्या पायांनी गावी गेले, आणि गवंड्याला वाटेत चालताना ऊन लागलं. गवंडीण त्या कागदापायी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते आहे. तिला मदत नको, भीक नको. माझा नवरा कसा गेला ते खरं लिहा आणि ज्याने त्याला पाठवलं त्याला बोलावून विचारा, एवढंच तिचं मागणं. चौकशी झाली आणि मिटलीही. नगराध्यक्षांना कोणी बोलावलं नाही, कारण नसलेल्या ट्रकांबद्दल विचारणार काय?

मग मी माझ्या परीने विचारायला लागले. त्यांचा कोट माझ्याकडे धुवायला यायचा, तो न धुताच परत धाडला. ड्रायव्हरने कारण विचारलं, तर म्हटलं, आधीचे कपडे गेलेले नाहीत, फडताळात जागा नाही. त्यांच्या प्रत्येक सभेत उभी राहून मी एकच प्रश्न विचारायचे: साहेब, हे कपडे कुठे पोचवू? स्वयंसेवक मला फार प्रेमाने बाहेर नेत. एकदा तर मला गप्प करायला 'ज्येष्ठ व्यावसायिक' म्हणून माझा सत्कारच ठेवला. मी गुच्छ घेतला आणि माईकही घेतला. पहिल्या वाक्यालाच वीज गेली, फक्त माईकची.

कलम ५. सबब, फडताळातले सर्व कपडे मी आमच्या नगराध्यक्षांना वारसाहक्काने देते. अट एवढीच की त्यांनी प्रत्येक कपडा ज्याचा त्याला स्वतः नेऊन द्यावा. आमच्या वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्रात ज्याचं नाव असतं त्याला कोर्टाची नोटीस जाते. वारसा नको असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, आणि का नको तेही. हे सांगताना बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. चौकशीने जे विचारलं नाही, ते माझं मढं विचारेल.

हे कलम मी पुतण्याला मुद्दाम वाचून दाखवलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि नगराध्यक्षांच्या कचेरीत त्याची ऊठबस आहे.

कलम ६. इथे माझ्या अंत्यविधीबद्दल लिहायचं होतं, पण ते राहू दे, कारण मधेच जे घडलं ते ताजं असतानाच लिहिलेलं बरं. आज दुपारी सहीसाठी दोन्ही साक्षीदार, समोरचा चहावाला आणि शेजारचे किल्लीवाले, दुकानात येऊन बसले होते. तेवढ्यात नगराध्यक्ष आले. एकटे, गाडी लांब उभी करून. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, हवा फार तापलीय म्हणाले. ताकाला येऊन भांडं लपवणं चाललं होतं. मग म्हणाले की काकू, माझं नाव तेवढं खोडा, बाईसाठी आपण काहीतरी करू. मी इस्त्री फिरवत राहिले. आमच्यापैकी कोणीही ट्रकचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं.

गवंडीण मागच्या खोलीतून आली. आमच्या भाषेत, एकेक शब्द जुळवत तिने विचारलं, "साहेब, तुमच्या कागदात तो चालत गेला असं आहे. त्याच्या चपला वस्तीतच होत्या. मी उचलून आणल्या. मग तो चालला कशात?"

चोराच्या मनात चांदणं. नगराध्यक्ष तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "काकू, शपथेवर सांगतो, ट्रकला कुलूप लावा असं मी म्हणालो नव्हतो. मी फक्त ताडपत्री बांधायला सांगितली होती."

गवंडिणीला 'ताडपत्री' शब्द कळला नव्हता. तिने मला विचारलं, मी अर्थ सांगितला. ती तिथेच खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मलाही रडू आलं, ते लपवायचं काही कारण नाही. नगराध्यक्षांनी तेव्हा कुठे आजूबाजूला पाहिलं आणि हे दोघे कोण म्हणून विचारलं. साक्षीदार, मी म्हटलं. ते पाणी न पिताच उठले.

वकीलबाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या की काकू, आता तुमच्या मरणाची वाट बघायची गरज नाही. उद्या चौकशी पुन्हा उघडण्याचा गवंडिणीचा अर्ज दाखल होईल आणि त्याला या कागदाची प्रत जोडली जाईल. कलम ५ तरीही कायम ठेवते. त्यांना बोलावणं गेलं आणि ते आले नाहीत, तर मी मरायला तयार आहे.

स्थळ: दुकानातलं इस्त्रीचं टेबल.
दिनांक: वरच्या शिक्क्यात आहे तो.
सही: लाँड्रीवाल्या काकू

साक्षीदारांचं निवेदन: काकूंनी वरील सही आम्हा दोघांसमोर शुद्धीत केली. त्याआधी नगराध्यक्षांनी कुलूप आणि ताडपत्रीबद्दलचं वरील वाक्य आम्हा दोघांसमोर, तेही शुद्धीत, उच्चारलं. ते आम्ही आपल्या कानांनी ऐकलं. कोणी विचारलं तर सांगू. नाही विचारलं तरी सांगू.

सही: चहावाला
सही: किल्लीवाले