धोंडुबाईंच्या सोप्यातल्या भिंगऱ्या

१२ फेब्रुवारी २००४
किडे निघाले! पाडवा अजून लांब, आणि कळंब्याच्या तलावावर आत्ताच थवे. अळ्या पाण्यात वाढतात, पंख फुटले की बाहेर येतात. माझ्या मार्गदर्शक सरांच्या जुन्या नोंदीत हे सगळं पाडव्यानंतरचं. आता पाणी दरवर्षी आधीच तापतंय, हाताला कोमट लागतं. म्हटलं, सापळे आजच लावू. सर म्हणाले, आपल्या विभागात सापळे परीक्षा संपल्यावरच लागतात. म्हणजे किड्यांनीही कॉलेजचं वेळापत्रक बघून जन्मायचं!

१६ फेब्रुवारी
प्रात्यक्षिक परीक्षेच्या ड्यूटीला दांडी मारून सापळे लावले — पाण्यावर तरंगणारे जाळीचे तंबू. किडे भरभरून मिळाले. सरांनी मेमो दिला, वर ठरलेला टोमणा — "तुम्हाला काय, सवलतीत मिळेलच पीएच.डी."
म्हणूनच माझ्या प्रबंधात कुसळाएवढी चूक चालणार नाही. त्यांचा भाचाही इथंच पीएच.डी. करतोय, त्याची चालते.

९ मार्च
तलावाकाठी धोंडुबाईंचं घर. मी रोज तिथंच डबा खाते. त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, तुळईला भिंगरीचं चिखलाचं घरटं आहे. आज चार पिल्लं निघाली. भिंगऱ्यांनी त्यांची नेहमीची वेळ पाळली, पण तलावावरचे किडे सरलेत. सापळे रिकामे. पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांची गत! पाणी तापलं की जमिनीवरचं पाखरू उपाशी मरतं — हेच मला सिद्ध करायचंय.

१४ मार्च
आईबाप रिकाम्या चोचीनं परत येतात. पिल्लांचा आवाज बसलाय.
धोंडुबाई म्हणाल्या, "पोरी, तुझ्याकडं एवढं किडं हायती की. घाल की त्यास्नी."
म्हटलं, ते स्पिरिटमध्ये बुडवलेले आहेत. पण धोंडुबाईंच्या कुंपणाला जिवंत वाळवी लागलीय, चारायला ती चालली असती; ती मला दिसत नव्हती थोडीच! मग खरं ते सांगितलं — मी चारलं तर निष्कर्ष नासतो.
"मग मरताना बघत बसणार व्हय?"
बसणार. सर एका भिंगरीवरून सगळा प्रबंध फेकतील, हे धोंडुबाईंना कसं कळावं?

१८ मार्च
दोन मेली. वजन केलं.

१९ मार्च
तिसरंही गेलं. चौथं घरट्यात नाही, मांजरानं नेलं असणार. माझं म्हणणं खरं ठरलं! आनंद झाला. आधी आनंदच झाला. मग बाहेर जाऊन ओकले. धोंडुबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि न्हाणीचं दार लोटून घेतलं.
आजवर सरांना निर्दय म्हणत आले. आता कुठल्या तोंडानं म्हणू?

३० मार्च
चौथं पिल्लू आज अंगणातून उडालं. धोंडुबाईंनी ते न्हाणीत टोपलीखाली ठेवून वाळवीवर जगवलं होतं — माझ्यापासून लपवून.
सरांना सांगितलं. म्हणाले, "ते पिल्लू नोंदीतून वगळा."
वगळलं.