दूध फाटलं

मंगळवार, ३ मार्च

पुन्हा बंद पडली! सहा नंबरची गाडी, भर चौकात, सिग्नल हिरवा झाल्यावर. मागे हॉर्नचा गोंगाट आणि पुढे आमचा कचऱ्याचा ट्रक ठाण मांडून बसलेला. ड्रायव्हरचा फोन आला — "बाई, तुमचं दूध फाटलं!" मागून कुणीतरी खी खी हसलं, तेही ऐकू आलं.

दूध म्हणजे धूर कमी व्हावा म्हणून पाणी मिसळलेलं डिझेल. पांढरंशुभ्र दिसतं, म्हणून पहिल्याच दिवशी डेपोत हे नाव पडलं. तेव्हा मीही हसले होते. आता तो शब्द ऐकला की डोकं फिरतं. डिझेलची टाकी माझ्या ताब्यात आणि हे आणा म्हणून साहेबांच्या मागे हात धुवून लागलेही मीच. त्यामुळे नीट चाललं तर ते डेपोचं, फाटलं की 'तुमचं'.

माझी पोर, चिमणी, आज कमी खोकली. खरंच कमी खोकली, की मला तसं हवंय म्हणून वाटतंय?

बुधवार, ४ मार्च

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "धूर कमी झालाय, मान्य. पण बंद पडलेली गाडी धूर सोडत नाही यात कसलं आलंय कौतुक?" शहरात गाडी सारखी थांबते, सारखी निघते, आणि काळा धूर निघतो तो त्या प्रत्येक निघण्यातच, त्यासाठीच तर हे दूध, असं मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "पुढच्या गुरुवारपर्यंत बघतो. नाहीतर टाकी रिकामी करा आणि साधं डिझेल भरा."

साधं डिझेल! म्हणजे रोज सकाळी सगळ्या गाड्या एकदम सुरू होणार आणि तो काळा लोट थेट आमच्या खिडकीत. डेपोच्या फाटकाला लागून नोकरीची खोली, त्यामुळे दार लावा, फटीत चिंध्या कोंबा, काही उपयोग नाही. गेल्या वर्षी चिमणीच्या छातीत शिट्टी वाजायची. चार वर्षांची पोर, श्वास घेताना खांदे उचलायची. डॉक्टर म्हणाले, "धुरापासून लांब ठेवा." कुठे ठेवू? फडताळात?

हे बोटीवर नोकरीला. फोनवर म्हणतात, "दुसरी खोली बघ ना." खोल्या काय झाडाला लागतात!

मला हे दूध टिकवायचंय. काही झालं तरी.

शुक्रवार, ६ मार्च

एक गोष्ट लक्षात आली. सकाळी भरलेल्या गाड्या धड चालतात. बंद पडतात त्या दुपारच्या पाळीच्याच, चार वाजता भरलेल्या. म्हणजे सकाळ आणि चारच्या मध्ये काहीतरी होतं.

या दुधाचं एकच पथ्य — ते सतत ढवळत राहायला हवं. म्हणून टाकीला मोटर लावलीय, ती दिवसरात्र घरघरते. थोडा वेळ जरी थांबली तरी आमच्या या मिश्रणातलं पाणी खाली बसतं, आणि टाकीचा नळ खालीच! पहिल्या गाडीच्या पोटात मग नुसतं पाणी. टाकी आमच्या खोलीमागे, म्हणून मोटरचं बटण आमच्याच दारापुढच्या ओट्यावर. मी सकाळी बघते, चालू. चारला बघते, चालू. मधल्या वेळात मी ऑफिसात मान मोडून बसलेली.

कुणीतरी बंद करतंय. मुद्दाम.

शनिवार, ७ मार्च

आज दोन बंद पडल्या. दोन!

सोमवार, ९ मार्च

बोलून टाकलं. तोंडावर.

दुपारच्या वेळी आमच्या ओट्यावर कोण असतं? मिशीवाले. डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. रोज जेवणानंतर पायरीवर बसतात, सासूबाई त्यांना चहा देतात, दोघांच्या गुडघेदुखीच्या गप्पा चालतात. आणि पहिल्या दिवसापासून दुधाला नावं ठेवण्यात हाच माणूस पुढे. "गाडीला चढावर दम लागतो. उद्या ताक पाजाल!" बटण त्यांच्या हातापासून वीतभर.

मी भर आवारात, सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, मोटर तुम्ही बंद करता. लाज वाटत नाही? माझी पोर त्या धुरात गुदमरते!"

त्यांनी तोंड उघडलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. ओट्यावर सासूबाई त्यांचा कप घेऊन उभ्या होत्या. तोंड मिटलं. "बरं, ताई," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! साहेबांच्याही कानावर घातलं. ते म्हणाले, "पुरावा आणा." पुरावा कुठून आणू? मोटर काय साक्ष देणार आहे?

सासूबाई दिवसभर विचारत होत्या, "अगं, त्यांनी चहा का नाही घेतला?"

मंगळवार, १० मार्च

मिशीवाले ओट्याकडे फिरकलेच नाहीत. तरी चारनंतर गाडी बंद पडली. माझी नजर चुकवून येतात, आणखी काय.

जेवण जात नाही. सासूबाई म्हणतात, "किती वाळलीस. दुपारी घटकाभर पड तरी." पडू? दोन दिवस राहिलेत! चिमणी छान हसते, पळते, आणि ती पळताना मी तिचे खांदे बघत बसते. वेड लागेल मला.

बुधवार, ११ मार्च

लिहवत नाही. तरी लिहिते, नाहीतर छाती फुटेल.

दुपारी फाइल विसरले म्हणून घरी आले. चिमणी ओट्यावर बाहुलीला निजवत होती. पदर म्हणून माझी ओढणी. बाहुलीला थोपटलं, मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, "टिक! आता मोटर गप्प. बाळ झोपलं, आवाज नाही करायचा."

मी विचारलं, "असं कोण करतं गं?"

"आजी."

बटणाकडे पाहिलं. बंद! ती सततची घरघर नाही, हे मला येताना कळलंसुद्धा नव्हतं.

सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "हो, मीच करते की. पोर दुपारी झोपली की करते, तू यायच्या जरा आधी लावते. केवढी घरघर ती! जागी होते बिचारी. तिला झोप नको का? डॉक्टरच म्हणाले ना, झोप हवी."

"आई, ते ढवळत राहायला लागतं!"

"दूधच ना ते? दूध सारखं ढवळलं तर साय कशी धरेल? मला आपलं वाटलं, जरा स्थिर राहिलं तर बरंच आहे त्याला."

दूध! आम्ही सगळ्यांनी हसत हसत ठेवलेलं नाव. टाकीत डिझेल आहे हे त्यांना समजावून सांगावं असं घरात मला एकदाही सुचलं नाही. माझा चेहरा बघून त्या घाबरल्या. "काही बिघडलं का गं माझ्याकडून?" मी म्हटलं, काही नाही. ओरडायचं तरी कुणावर? दोघींनाही एकच पोर वाचवायची होती.

आणि मिशीवाले! रोज तिथे बसायचे. त्यांनी पाहिलं असणारच. म्हणून परवा तोंड मिटलं. आणि मी त्यांना चव्हाट्यावर आणलं!

उद्या साहेबांना सगळं सांगायचं. घरचं माणूस बटण बंद करत होतं म्हटल्यावर माझी नोकरी जाणार, नोकरीबरोबर खोली. कदाचित दूधही जाईल. तरी सांगायचं. ठरलं.

गुरुवार, १२ मार्च

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "तुमचा संशय खरा निघाला! मिशीवाले सकाळी स्वतः आले. मोटर मीच बंद करायचो, म्हणाले. कामावरून काढून टाकलं त्यांना. दुधाचा काही दोष नाही, चालू राहू दे."

मी "बरं" म्हटलं. एवढंच.

घरी आले. चिमणी झोपलेली. आज बटणाला कुणी हात लावलेला नाही, मोटर उशाशीच घरघरतेय, आणि पोर या कुशीवरून त्या कुशीवरसुद्धा वळत नाही.

सासूबाईंनी पायरीवर मिशीवाल्यांचा चहा झाकून ठेवलाय.