रक्तपेढीतल्या दोन डिस्क

बाई,

आज आमच्या हॉस्पिटलात नवा सर्व्हर लावला. एका लोखंडी पेटीत आता अनेक संगणक नांदतात. लॅबचा वेगळा, औषधांचा वेगळा, एक्स-रेचा वेगळा, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की अख्खी पेटी आपलीच आहे. त्या सगळ्यांच्या खाली डिस्कच्या जोड्या आहेत आणि त्या सांभाळायला वेगळं यंत्र नाही, नुसतं सॉफ्टवेअर. जोडणी पूर्ण झाल्याची ओळ पडद्यावर आली, तशी माझ्याबरोबरची मंडळी चहाला निघून गेली. मी खुर्चीतच बसून राहिले. हे बाईंना दाखवायला हवं, असं मनात आलं, आणि मग आठवलं की तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा. मी पारनेरहून येऊन नगरला खोली घेऊन राहिलेली, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तुम्ही आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचात. तास संपले की तुम्ही सायकल काढून रक्तपेढीत जायचात, निव्वळ हौसेनं. तिथल्या संगणकात तुम्ही रक्तदात्यांची नावं, गट, गावं, फोन असं सगळं भरून दिलं होतं. एका उन्हाळ्यात त्याची डिस्क बसली आणि सगळं गेलं. रक्तपेढीचे डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, "बाई, आपली कागदी कार्डंच बरी. शोधायला अर्धा दिवस जातो, पण जागेवर तरी असतात." तुम्ही एवढंच म्हणालात, "मला एक रविवार द्या."

त्या रविवारी तुम्ही मलाही नेलंत. टेबलावर दोन डिस्क, पुण्याहून मागवलेली लिनक्स प्रणालीची सीडी आणि इंग्रजी सूचनांची जाडजूड छापील थप्पी. दोन डिस्क जोडून चालवायचं वेगळं यंत्र नगरात कुणी पाहिलंही नव्हतं, म्हणून तेच काम सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं होतं. तुम्ही एक ओळ वाचताय, थांबताय, डोळे मिटून ती मनात फिरवताय आणि मगच टाईप करताय. मी शहाणपणानं म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या डिस्कवर कॉपी राहील." तुमचा हात थांबला. "कॉपी नव्हे गं. कॉपीत एक आधीचं असतं, एक नंतरचं. इथं लिहितानाच दोन्हीकडे लिहिलं जातं. यातली खरी कुठली, असं विचारता येत नाही. आणि ऐक, तू चूक लिहिलीस तर चूकही दोन्हीकडे जाते. तेव्हा रोजची वेगळी प्रत काढायचीच." सुट्टीभर आपण दोघींनी कार्डांवरून सगळी नावं पुन्हा भरली.

डॉक्टरांना दाखवायचा दिवस आला. यंत्र चालू होतं. तुम्ही पेटीचं झाकण उघडलंत आणि एका डिस्कची विजेची तार उपटलीत. "अहो बाई!" डॉक्टर ओरडलेच. ती डिस्क घरघरत शांत झाली. पडदा क्षणभर अडला, आणि पुन्हा चालू लागला. तुम्ही खुर्ची त्यांच्याकडे सरकवलीत. डॉक्टरांनी कुणाचं नाव शोधावं? स्वतःचं. ते आलं. ते उभे राहून नुसते पेटीकडे बघत राहिले आणि मी तुमच्याकडे.

पुढच्या थंडीतली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. जवळच्या दवाखान्यात एक बाळंतीण रक्तस्रावानं खचत चालली होती. गट ओ निगेटिव्ह. फ्रीजमध्ये एकच पिशवी होती, ती तिला चढवून झाली होती. तिची सासू रक्तपेढीच्या दारातच बसली होती. "माजी सून हाय वो," ती तुम्हाला म्हणाली. "पोरगं बरं हाय. तिचंच काय खरं दिसत न्हाई." तुम्ही कीबोर्डपाशी बसलात. दोन नावं आली. एक भिंगारचे, ते गावाला गेलेले. दुसरे बेलापूरचे शिंपी, त्यांच्या शेजारच्या किराणा दुकानाचा फोन. डॉक्टरांनी फोन लावला. तुम्ही सासूपाशी खाली बसलात, तिचा हात धरलात. "आई, माणूस निघालाय."

शिंपी जीपमधून उतरले तेव्हा गळ्यात मापाची टेप तशीच होती. "आदी पानी द्या," म्हणाले, "मग लागंल तेवढं काढून घ्या." संध्याकाळी निरोप आला की बाळंतीण शुद्धीवर आली, बाळाला मागतेय. सासूनं शिंप्याच्या पायाला हात लावला, तसे ते दोन पावलं मागं सरले. "आवं मावशी, मी काय केलं? ह्यांनी बोलावलं, मी आलो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीची तपासणी करायला गेलात, मी सोबत होते. यंत्रानं ठेवलेली नोंद बघता बघता तुम्ही मागं टेकलात. आदल्या दिवशी सकाळीच एक डिस्क मेली होती. म्हणजे शिंप्याचं नाव निघालं, ते उरलेल्या एकटीतून. फोन, जीप, रक्त, सगळं घडून गेलं होतं, आणि कुणालाही, आपल्याला दोघींनासुद्धा, त्याची चाहूल नव्हती. तुमचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच होता. "दुसरी डिस्क आणायला हवी. आजच."

ती सून, तिचं मूल, तो शिंपी, कुणालाच हे कधी कळलं नसेल. मी अजून याच कामात आहे. रात्री घरी जाताना मनात येतं की आज या शहरात काही घडलं नाही, आणि त्या न घडण्यात कुणाचा तरी हात आहे. एवढं मोठं काम इतक्या गुपचूप होऊ शकतं, याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, माहीत नाही. बहुधा घडी घालून ठेवीन. एक सांगायचं राहिलं, बाई. लोक विचारतात, या क्षेत्रात कशी आलीस, तेव्हा मी संगणकाची आवड होती असं सांगते. तशी काही आवड नव्हती. त्या रविवारी तुम्ही काय करत होतात, त्यातलं निम्मंही मला कळलं नव्हतं. मी फक्त तुम्हाला डोळे मिटून विचार करताना बघत होते.