फ्रीजरखालची मानाची जागा

६ एप्रिल, रविवार.
मुलाने, प्रमोदने, पुण्याहून पार्सल पाठवलं. आइस्क्रीम करायचं यंत्र. विजेवर चालणारं. त्याला ऑफिसात दिवाळीला मिळालेलं. सून फोनवर म्हणाली, आमच्याकडे जागा नाही, बाबांना तेवढाच विरंगुळा. विरंगुळा! ज्याने हिंगोलीकडच्या या गोरेगावच्या शाळेत बापाला आणि मग त्याच्या पोराला कविता शिकवली, त्याला विरंगुळा लागत नाही. ध्येय लागतं. ते आज सापडलं.

योजना: उन्हाळाभर दर रविवारी संध्याकाळी आपल्या अंगणात काव्यवाचन. कविता माझ्या. सोबत घरचं आइस्क्रीम. गेल्या वर्षी नुसत्या कवितांना एकटा शेजारचा मोहियोद्दीन आला होता, तोही आपली शिडी परत न्यायला.

पद्माला योजना सांगितली. ती म्हणाली, ते खोकं ठेवायचं कुठं? माणसाने स्वप्न सांगावं आणि बायकोने जागा विचारावी, असा हा संसार.

९ एप्रिल.
लहानपणी जत्रेत पॉटचं आइस्क्रीम मिळायचं. लाकडी बादली, आत पितळी डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि हँडल फिरवणारा घामाघूम माणूस. ती चव अजून जिभेवर आहे. त्यामुळे यंत्राची पुस्तिका वाचली नाही. अक्षर मुंगीएवढं, आणि इंग्रजी. जे काळजात आहे ते पुस्तिकेत कशाला शोधायचं?

परातीत बर्फ घातला, वर खडेमीठ, मधोमध दूध-साखर घातलेलं यंत्राचं भांडं. झाकणातलं फिरकं सुरू केलं. घरघर झाली. भांडं नाचलं. मीठ उडालं. कुठे उडालं ते चाखल्यावर कळलं.

भिंतीपलीकडून मोहियोद्दीन आला. जुना शेजारी, एके काळी गावातला एक नंबरचा टेलर. एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला. म्हणाला, गुरुजी, थोडी हरी मिर्ची डालो, बढिया मठ्ठा हो जाता.

चेष्टा ही कलावंताची पहिली पायरी आहे.

१० एप्रिल.
प्रमोदचा फोन. बर्फ, मीठ काहीच लागत नाही म्हणे. ते भांडंच एक दिवस फ्रीजरमध्ये कडक गोठवायचं, मग त्यात दूध ओतायचं. म्हणाला, बाबा, पुस्तिका वाचा ना जरा. काल सांगितलं असतं तर?

दुपार फ्रिजच्या फेररचनेत गेली. आमचा फ्रिज एका दाराचा. बर्फाचे ट्रे काढून टाकले तेव्हा कुठे भांडं बसलं. दाराच्या कप्प्यात क्रीमची पाकिटं ठेवायची, तर तिथे पद्माची इन्सुलिनची बाटली. तिला शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ स्वतःच सुई टोचून घेते, मला त्रास देत नाही. गुणी आहे. बाटली तिथून उचलली आणि फ्रीजरच्या अगदी खाली, चिकटून असलेल्या ट्रेमध्ये ठेवली. घरातली सर्वांत थंड जागा. मानाची जागा. वर थंडीचा खटका शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला. यंत्राचंही भलं, औषधाचंही भलं.

पद्मा म्हणाली, आवं, सीमा म्हणली व्हती दारातच ऱ्हाऊ द्या म्हणून. सीमा म्हणजे आमची मुलगी, आखाडा बाळापूरला दिलेली. मी म्हणालो, सीमाला मराठीत काठावर मार्क होते.

१३ एप्रिल, रविवार.
पहिलं वाचन. माणसं आली! ओटा भरला. उद्घाटनाला आजच सुचलेलं म्हटलं:

दुधाळ मेघा, गोठून ये रे,
अंगणी माझ्या साठून ये रे!

मेघ गोठला नाही. दुपारी लाइट गेली होती, भांडं नरम पडलं. आइस्क्रीम स्टीलच्या ग्लासातून दिलं. लोक प्याले. दुसऱ्या कवितेला ओटा मोकळा. मोहियोद्दीन चपला शोधत म्हणाला, गुरुजी, शरबत पतला था, शायरी गाढी थी. उलट असतं तर बैठते थे.

निर्धार: फ्रिजचं दार विनाकारण कोणी उघडायचं नाही. पद्माला तशी सूचना दिली. बाटली घेताना पटकन घ्यावी.

१६ एप्रिल.
पद्माची तक्रार. सकाळी बाटली दगडावानी होऊन राहिली म्हणे. मुठीत धरून बसते, पाणी झालं की सुई भरते. मी म्हणालो, हिमालयही गोठलेला असतो, म्हणून गंगा वाईट होते का?

तिचं म्हणणं, फ्रिज नव्हता तवा मी मडक्यात ठेवतच व्हते की. ओल्या वाळूवर छोटं मडकं, त्यात बाटली, वर फडकं. पुन्हा तसंच ठेवते. मी स्पष्ट नकार दिला. फ्रिज असलेल्या घरात औषध मडक्यात? रविवारी चार प्रतिष्ठित लोक येतात.

मात्र पहाटे ती बाटली मुठीत घेऊन चुलीजवळ बसलेली असते ते दृश्य फार सुंदर असतं. जणू कोणी वाऱ्यात ज्योत सांभाळते आहे. कविता होणार.

१८ एप्रिल.
मँगो आइस्क्रीम जमलं! पूर्ण नव्हे, पण चमचा उभा राहिला. चव पाहिली. सायंकाळी पुन्हा पाहिली, कारण मुरल्यावर चव बदलते.

२० एप्रिल, रविवार.
वाचन दुसरं. आइस्क्रीम कडेला घट्ट, मधे पातळ. लोक कडेकडेने खात होते. पाच कविता झाल्या! पाचवीला श्रोत्यांत मी, मोहियोद्दीन आणि एक शेळी. पण शेळी शेवटपर्यंत थांबली.

पद्मा आत झोपून होती. ऊन लागलं असेल.

२२ एप्रिल.
पद्मा सारखी पाणी पिते. माठ दुपारीच रिकामा. रात्रीतून उठून उठून मोरीत जाते, माझी झोप मोडते. तिला म्हणालो, एप्रिलात तहान सगळ्यांनाच लागते, तू तिचा फार गाजावाजा करतेस. त्यावरून ओळी सुचल्या, ‘तृष्णा’ नावाची दीर्घकविता सुरू केली. तिला ऐकवली. डोळ्यांपुढं धूर धूर होऊन राहिला म्हणाली. कवितेचा परिणाम इतक्या लवकर होत नसतो, पण नोंद करून ठेवतो.

२४ एप्रिल.
गंभीर बाब. मँगोचा डबा निम्मा झाला आहे. मी फक्त चव पाहतो. सकाळी एकदा, जेवणावर एकदा, संध्याकाळी उजेडात रंग बघताना एकदा. एवढ्याने डबा निम्मा होत नाही. घरात दोनच माणसं. आणि आज शेजारच्या दवाखान्यातल्या पोरीने बोटातून रक्त घेऊन पद्माची शुगर पाहिली तर वाढलेली.

दोन्ही गोष्टी जुळवल्या. हेडमास्तर असताना मी डबे चोरणारी पोरं अशीच पकडायचो.

पद्माला विचारलं. ती म्हणाली, देवाशप्पथ, म्या बोट बी लावलं न्हाई. मला गोड नकोच वाटतं, तोंड कडू पडलंय. मी हसलो. खरं सांगतो, राग आला नाही. इतक्या वर्षांत माझ्या एका कवितेला तिने ‘वा’ म्हटलं नाही, आणि माझ्या आइस्क्रीमसाठी पथ्य मोडलं. याहून मोठी दाद कोणती?

२६ एप्रिल.
पद्मा बारीक झाली आहे. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. लग्नातल्या फोटोत दिसते तशी दिसू लागली. तिला तसं म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. लाजली असावी.

२७ एप्रिल, रविवार.
वाचन तिसरं. आजवरची सर्वांत मोठी गर्दी. आइस्क्रीम जवळजवळ आइस्क्रीम. मी प्रास्ताविकात सगळ्यांसमोर हसत हसत सांगितलं की आमच्या मंडळी रात्री लपून डबा फस्त करतात, शुगर वाढली तरी चालेल म्हणतात, असा हा माझ्या हातचा गुण. टाळ्या पडल्या. पद्मा खांबाला धरून उभी होती. ती आत गेली.

मोहियोद्दीनची बायको अजराभाभी तेवढी हसली नाही. म्हणाली, गुरुजी, बाई का मूँ तो देखो, कैसा सूख गया. खानेवाले का मूँ ऐसा रहता क्या? मी म्हणालो, भाभी, चोराचं तोंड सुकतंच. पुन्हा टाळ्या.

आत उलटीचा आवाज आला. म्हणजे आजही खाल्लं असणार. मी आवाज चढवून ‘तृष्णा’ पूर्ण केली.

२९ एप्रिल.
घाईत लिहितो. अजराभाभीने परस्पर फोन केला म्हणून सीमा बाळापूरहून आली. पद्मा उठत नव्हती. हाक मारली की हूं म्हणायची. मी सीमाला समजावत होतो की आईने गुपचूप गोड खाल्लं. सीमाने सुई भरायला बाटली काढली. ती ट्रेला चिकटली होती. ओढून काढली तर आत बर्फ.

सीमा म्हणाली, बाबा, हे काय केलंत? मी म्हणालो, थंड ठेवलं. ती ओरडली, थंड अन् गोठलेलं एक असतं का? गोठल्यावर ह्याच्यात काही ऱ्हात न्हाई. आई इतके दिवस नुसतं पाणी टोचून घेऊन राहिली व्हती! औषधाच्या खोक्यावर लिहिलेलं दाखवलं. अक्षर मुंगीएवढं, आणि इंग्रजी.

साजीदने गाडी काढली. मोहियोद्दीनचा मुलगा, त्याला सांगावं लागलं नाही. गाडीत मी पुढे बसलो. सीमा मागून सारखी म्हणत होती, आई, डोळे उघड. मला वाटलं मलाच म्हणते आहे.

३० एप्रिल. हिंगोली, दवाखाना.
काल शुगर तपासताना यंत्रावर आकडा आलाच नाही. इंग्रजीत नुसतं ‘हाय’ आलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, यंत्र नमस्कार करत आहे. नर्स हसली नाही, म्हणाली, शुगर यंत्राच्या मापापलीकडे गेली की तसं येतं. सीमा बाहेर गेली.

आज पद्मा शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस उशीर झाला असता तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. अपूर्ण वाक्याची ताकद मी मुलांना नेहमी शिकवायचो.

मी पद्माजवळ गेलो. म्हणालो, झालं ते झालं, आपण दोघंही चुकलो, मी बाटलीत आणि तू मँगोत. तिने मान माझ्याकडे वळवली. मग फार हळू म्हणाली, तो मँगो तुमी खाल्ला. म्या रोज बघत व्हते.

मग माहीत होतं तर लोकांसमोर बोलली का नाहीस? विचारलं. ती म्हणाली, लोकांसमोर तुमाला काय बोलायचं.

वॉर्डात उकडतं.

४ मे, रविवार.
दवाखान्यातून सुट्टी मिळाली. जीप गोरेगावकडे वळणार तोच सीमा म्हणाली, आईला मी नेते बाळापूरला. मी म्हणालो, जरूर, आठवडाभर हवापालट. पद्माने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, भाकरी अजराभाभीकडं सांगितली हाय. दोन वेळची. नुसत्या आठवडाभरासाठी कोणी भाकरी सांगून ठेवत नाही, पण तिचा स्वभावच व्यवस्थित.

संध्याकाळी वाचन ठेवलं होतं. कोणी आलं नाही. गावात एक गोष्ट फार लवकर पसरते आणि दुसरी, म्हणजे कविता, अजिबात पसरत नाही. मोहियोद्दीन भिंतीवरून दिसला. हात वर केला. त्याने पाठ फिरवली नाही, पण कपडे वाळत घालायला फार वेळ लावला.

१० मे.
आइस्क्रीम झालं. खरंखुरं. आज लाइट गेली नाही, दार कोणी उघडलं नाही, फ्रीजर दिवसभर गार. भांड्याच्या भिंतीवर पांढरं धुकं धरलं होतं. चमचा टेकवला तर गोळा सुटून निघाला, जत्रेतल्यासारखा. भाभीकडे वाटी पाठवली. वाटी तशीच परत आली, वर भाकरी ठेवून.

निर्धार: पद्मा आली की बाटली दारात. क्रीमची पाकिटं काढून टाकली आहेत. कप्पा पुसून ठेवला आहे.

१८ मे, रविवार.
बाळापूरला फोन केला. सांगायचं होतं की जागा रिकामी केली आहे, दारातली. सीमाने उचलला. मी म्हणालो, आईला दे. ती म्हणाली, थांबा. मग मागून पद्माचा आवाज ऐकू आला: सांग, मी झोपले म्हणून.

आवाज खणखणीत होता. म्हणजे तब्येत सुधारली.