मान वर

तीर्थरूप बाबा, पाया पडते.

परवाच्या पत्रात मी लिहिलं होतं की वारा चुकवायला दादा मान खाली घालून सायकल चालवतो. ते खरं नव्हतं. या लांबच्या शर्यतीत सहा दिवस सतत वाकून त्याच्या मानेतलं बळच गेलंय. चूक ज्याची त्यानंच खोडायची, हे तुम्हीच घरी शिकवलंत, म्हणून लिहिते.

मेकॅनिककाकांनी हेल्मेटपासून पाठीपर्यंत पट्टा बांधून त्याचं डोकं वर धरलंय. "लग्नाआधीच मान अडकली बघ," म्हणून दादा हसला. जेवतो नीट, पण भरवावं लागतं.

सायकल शिकवताना तुम्ही ओरडायचात ना, "मान वर, नजर पुढे"? तेच मी मागच्या गाडीतून ओरडते. आज म्हणाला, "हळू बोल गं, बाबांना वाटेल मला अजून येत नाही."

आईचा गुडघा कसा आहे? तिला फक्त जेवणाचं सांगा.

शर्यतीतून माघारीच्या कागदावर त्याच्या पथकाची प्रमुख म्हणून माझी एकटीची सही चालते. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलेल, देव जाणे. पण शर्यतीच्या पुढच्या चौकीनंतर मोठा उतार आहे, आणि पट्टा असूनही डोकं खाली घसरतं, त्याला रस्ता दिसत नाही. त्या चौकीवर मी सही करणार आहे, उद्या, गुरुवारी सकाळी.

तुमची,
धाकटी