मागच्या सीटवर झोपलेला मुलगा

रुसे,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय यावोरदादा,

नमस्कार. वहिनी आणि पोरं मजेत असतील. इकडे गल्लीभर मिरच्या भाजल्याचा खमंग वास सुटलाय. तुझ्यासाठी लाल चटणीच्या बरण्या बाजूला ठेवल्यात. दरवर्षी ठेवते आणि दरवर्षी मीच संपवते.

आमचं ठीक चाललंय. बाबांना भूक चांगली लागते.

सरहद्दीच्या पुलावरची पासपोर्ट-तपासणी उठली, हे तुला तिकडे रुमानियात कळलंच असेल. 'त्या रांगेत कोण तासन्‌तास सडणार?' असं तू दर वेळी फोनवर म्हणायचास. आता रांगच नाही. डॅन्यूबवर सकाळी धुकं असतं, गाडी त्यातून तरंगत जाते आणि कळायच्या आत तुमचं जुर्जू येतं. मला अजून ते खरं वाटत नाही.

आम्ही मात्र थांबतो. दर रविवारी बाबांना पलीकडे आजीच्या घरी जायचं असतं. आजी आता नाही, हे मी त्यांना सांगत नाही. गाडी मी चालवते. रिकाम्या चौकीपाशी आलो की त्यांचं सुरू होतं, "इंजिन बंद कर. रेडिओ बंद. काच खाली घे." मग टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि माझ्या अंगावरून हात लांब करून आपल्या चौघांचे, तू लहान असतानाचे पासपोर्ट बाहेर धरतात. चौकीच्या खिडकीत पाखरांनी घरटं केलंय. मागून एखादा ट्रकवाला ओरडतो, "काय आजोबा, पाखरांचा शिक्का हवाय का?"

मागच्या रविवारी ते त्या खिडकीला हलक्या आवाजात म्हणाले, "मुलगा मागे झोपलाय, साहेब. त्याला उठवू नका." मी आरशात पाहिलं. खरंच सांगते, क्षणभर तू दिसलास, आईच्या मांडीवर, तोंड उघडं टाकून.

आईच्या अंत्यविधीला तू त्याच रांगेत अडकून उशिरा पोचलास, आणि बाबा चारचौघांत म्हणाले, "बाकीच्यांना बरा पूल सापडला!" ते तुझ्या जिव्हारी लागलं, ठाऊक आहे मला. ते स्वतःहून माफी मागतील म्हणून तू थांबलायस. दादा, आता ते व्हायचं नाही. आपण काही बोललो होतो, हेच त्यांना आठवत नाही.

एवढं लिहिलं, तर उरलेलंही लिहिते. परवा सकाळी कॉफी घेऊन गेले, तर त्यांनी हात पुढे केला. "पासपोर्ट?" मला वाटलं, थट्टा करताहेत. हसत हसत नेऊन दिला. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. "हं. रलित्साच आहेस. ये आत." स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. तेव्हापासून पासपोर्ट ॲप्रनच्या खिशातच असतो. फोटोवरून ओळख अजून पटते. डॉक्टरीणबाई म्हणतात, हेही फार दिवस टिकणार नाही.

तेव्हा ये. आणि येताना पासपोर्ट आण, जुना, डोक्यावर केस असलेला. पुलावर तुला कोणी अडवणार नाही. दारात बाबा अडवतील. त्यांना नीट बघू दे, घाई करू नकोस.

अजून तरी फोटोशी जुळणारी,
तुझी रलित्सा